कु. शिवानी हिच्या हयातीबाबत

एक तारखेला सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी गोरखने मुलीची पोटगी भरली, आणि वर्षाराणीला संशय आला. मोबाईल तिने दोनदा बघितला. रक्कम पूर्ण होती. तारीख एक होती. सहा वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. कोर्टाच्या हुकमात 'दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत' असे शब्द होते, पण ते गोरखने वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखे घेतले होते. भावना पोचली, पुढे काही करायची गरज नव्हती. पैसे अठराला यायचे, बावीसला यायचे, आणि पैशांच्या आधी एक हकिकत यायची. रसवंतीच्या चरकाचा पट्टा तुटला. ऊस महागला. रेंज नव्हती. हकिकत ऐकताना वर्षाराणी चिडायची, पण तिच्या चिडण्यालाही इतक्या वर्षांत एक तारीख पडून गेली होती, आणि तारीख पडलेली कुठलीही गोष्ट माणसाला आधारासारखी वाटते. आता हकिकतीशिवाय नुसतेच पैसे आले होते. वॉर्डातल्या अकरा नंबरच्या पेशंटचा ताप औषध न बदलता एकाएकी उतरला की वर्षाराणी कधी खूश होत नसे. ती डॉक्टरांना फोन करी. आत्ताही तिला तसाच कुणाला तरी फोन करावासा वाटला, पण नवऱ्याने, म्हणजे आता नवरा नसलेल्या माणसाने, वेळेवर पैसे भरले अशी तक्रार कुणाकडे करायची हे तिला सुचेना.

शनिवारी तिने त्याला मेसेज केला होता. चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलेला. 'आयर्लंडमध्ये हॉस्पिटलात नोकरी मिळाली आहे. शिवानीला सोबत नेणार. लेखी संमती लागेल. पोटगी चालू राहील.' शेवटचं वाक्य वकीलबाईंचं होतं. बाकीच्या वाक्यांत 'तुमची' की 'तुझी' हा प्रश्न येत होता, म्हणून तिने तो शब्दच गाळला होता. लग्नात तो 'अहो' होता. घटस्फोटानंतर 'अहो' म्हणणं उधारी चालू ठेवल्यासारखं वाटे आणि 'अरे' म्हणण्याइतकी ओळख कधी झाली नव्हती, त्यामुळे गेली सहा वर्षं ती त्याच्याशी कर्त्याशिवाय बोलत होती. मेसेज गेला तेव्हा तिने मनात हिशेब केला होता की आठवडाभर उत्तर येणार नाही, मग एक फोन येईल, मग भांडण होईल, मग वकील. उत्तर एका मिनिटात आलं. वर केलेला पिवळा अंगठा. आणि त्या अंगठ्यापाठोपाठ, तीन दिवसांनी, पैसे.

"हा डाव आहे," नूतन म्हणाली. नूतन तिच्याच वॉर्डातली सिस्टर, आणि जगातल्या सगळ्या पुरुषांचं डिस्चार्ज कार्ड तिच्याकडे आधीच भरून तयार असे. "माझ्या मावसबहिणीचा असाच. आधी गोड बोलला, फुलं बिलं आणली, आणि कागदावर काय? पोटगीचा हक्क सोडला, म्हणून लिहून घेतलं. तिला वाटलं परवानगीचा कागद. तू खालचं बारीक वाच."

"तो बारीक काही लिहिणाऱ्यातला नाही गं."

"मग मोठं लिहील. तू मोठंही वाच."

वकीलबाईंनी हेच इंग्रजीत सांगितलं होतं. पोटगीचा हक्क मुलीचा, तो आई सोडू शकत नाही, वगैरे. पण ते कायद्याच्या पुस्तकात. प्रत्यक्षात तुम्ही सात समुद्रांपलीकडे आणि तो शिवऱ्याला. एक महिना नाही भरले, तर काय करणार? विमानाने येऊन चरकाला कुलूप लावणार? तेव्हा आता काय ते पक्कं करून घ्या. मूळ हुकूम भोरच्या कोर्टाचा, तर संमतीपत्रही तिथेच करा. आणि तारखेकडे लक्ष ठेवा, आठवडाअखेर कागद गेले नाहीत तर मुलीचा व्हिसा राहतो, मुलीचा राहिला की तुमची नोकरी राहते. हे सगळं त्यालाही कळतंच, असं त्या शेवटी म्हणाल्या होत्या. आणि बुधवारी गोरखचाच फोन आला. "उद्या भोरला ये. आनंदरावाकडं कागद करू. मजकूर म्या सांगून ठेवलाय." म्या सांगून ठेवलाय. ज्याने आयुष्यात 'ऊसाचा ताजा रस मिळेल' यापलीकडे मजकूर केला नव्हता, आणि त्यातही उसाला दीर्घ ऊ दिला होता, तो माणूस मजकूर सांगून ठेवतो.

आयुष्यात पूर्ण, वेळेवर आणि हसतमुखाने पैसे देणारा माणूस वर्षाराणीने एकदाच पाहिला होता. ती तेव्हा सातवीत होती. तिच्या आईचं, सगुणाबाईचं, माहेरचं वरकस रान पानशेतच्या बाजूला होतं. नाचणीपलीकडे त्यात काही होत नसे. पुण्याहून एक गृहस्थ पांढऱ्या गाडीतून मार्गासनीला आले, ओट्यावर मांडी घालून बसले, भाकरी खाल्ली, झुणक्याची तारीफ केली. त्यांना धरणाच्या काठी घर बांधायचं होतं आणि त्यासाठी जाण्यायेण्यापुरती वाट हवी होती. वाटेचे पैसे त्यांनी ठरल्या दिवशी, ठरल्यापेक्षा शंभर जास्त दिले. तिचा बाप गेनबा यांनी वाटेच्या कागदावर अंगठा दिला. पुढच्या उन्हाळ्यात सगळे रान बघायला गेले तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण होतं आणि आतल्या हिरवळीवर पाणी उडवणारा नळ गोल गोल फिरत होता. गेनबा कुंपणाला धरून बराच वेळ उभे राहिले. "लई झाक केलंय," एवढंच ते म्हणाले. त्या दिवसापासून घरात कुणी गोड बोललं की सगुणाबाई त्याच्या हाताकडे बघे, कागद आहे का म्हणून. मार्गासनी ज्या तालुक्यात आहे त्याचं नाव अलीकडे सरकारने बदललं. माणसाच्या हाताकडे बघायची सवय तिथे अजून जुन्याच नावाने चालू आहे. वर्षाराणीच्या नावात बापाने हौसेने राणी घातली होती. राज्य काही मिळालं नाही, पण राजघराण्यात शोभावा असा संशय मात्र पुरेपूर मिळाला.

गुरुवारी तिने रजा टाकली आणि स्वारगेटहून भोरची एसटी धरली. शिवानीला शाळेत सोडलं. शिवानी नऊ वर्षांची, चौथीत. सकाळी बूट घालताना तिने विचारलं होतं, "पप्पा भेटणार? मग मी पण येते." "शाळा आहे," वर्षाराणी म्हणाली. "तू रजा घेतलीस की." "माझं काम आहे." "माझं पण पप्पांकडे काम आहे." "काय काम?" शिवानीने थोडा विचार केला. "ते पप्पांना सांगेन," ती म्हणाली आणि दुसरा बूट घातला. एसटीत खिडकीशी बसल्यावर वर्षाराणीला हे आठवलं आणि तिने त्याचाही संशय घेतला. काय काम असेल? कुणी शिकवलं असेल? पोरीला नेलं असतं तर गोरखने तिला कडेवर, म्हणजे आता ती कडेवर बसण्याएवढी राहिली नव्हती, पण शेजारी बसवलं असतं, आणि हळूच विचारलं असतं, तुला जायचंय का गं? कोर्टाच्या आवारात असला एक प्रश्न दहा वकिलांना भारी असतो. तेव्हा न आणलं तेच शहाणपणाचं. हे शहाणपण तिने कात्रजच्या घाटात दोन वळणं तपासून पाहिलं, त्याला कुठे भोक सापडलं नाही, तरी ते अंगाला नीट बसेना. ड्यूटीवर दुसरीचा एप्रन घालावा तसं काखेत काचत राहिलं.

शिवरे आलं तेव्हा ती नकळत डावीकडच्या सीटवर सरकली. हायवेला लागून गोरखची रसवंती. वरती उसाच्या पाचटाचं छप्पर, पुढे चार बाकडी, चरकाच्या चाकाला बांधलेले घुंगरू. लग्नानंतरची पाच वर्षं तिने ते घुंगरू ऐकले होते. सकाळी नऊला सुरू व्हायचे, दिवे लागले की थांबायचे, आणि एखादे दिवशी मधेच थांबले तर घरातून सासरे रखमाजी ओरडायचे, "गोरख, गिऱ्हाईक हाय का मेलास?" आज रसवंतीवर निळी ताडपत्री होती. दोऱ्यांनी आवळून बांधलेली. बाकडी एकावर एक उलटी रचलेली. गाडी वेगात होती, दोन सेकंदांत सगळं मागे गेलं, पण वर्षाराणीला दोन सेकंद पुष्कळ होते. विकली. रसवंती विकली. म्हणून एक तारखेला पैसे, विकल्याचे पैसे. आता कोर्टात सांगायला मोकळा, माझं उत्पन्न काय, साहेब, शून्य. वकीलबाई म्हणाल्या होत्याच, हे लोक आधी धंदा दुसऱ्याच्या नावावर करतात. कापूरहोळच्या फाट्याला गाडी वळेपर्यंत तिने गोरखला रसवंती विकायला लावली, पैसे लपवायला लावले, दुसरं लग्न लावून दिलं आणि नव्या बायकोला जरा ठेंगणी केली. यातलं काही तो करू शकेल असं तिला वाटत नव्हतं. पण वेळेवर पैसे भरू शकेल असंही वाटलं नव्हतं.

संसार मोडला तो आवाज न होता मोडला. गोरख प्यायचा नाही, मारायचा नाही. तो 'पुढल्या महिन्यात' म्हणायचा. पुण्यात खोली घेऊ, पुढल्या महिन्यात. तुझी ड्यूटी, पोरीची शाळा, होय, पुढल्या महिन्यात बघू. असे साठ महिने. मग तिने एकटीने खोली घेतली आणि तो पुढल्या महिन्यात आला नाही. त्या घरातलं तिला आता कुणी आठवत असेल तर रखमाजी. आबा. भाटघर धरणावर चौकीदार होते, रिटायर झाले, पेन्शन भोरच्या एका बँकेत. दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे आपण जिवंत आहोत हे स्वतः जाऊन दाखवायचं. एका वर्षी मशीनवर त्यांचा अंगठा उठेना. आयुष्यभर लोखंडी दारांचे दांडे फिरवून अंगठ्यावरच्या रेघा झिजल्या होत्या. क्लार्क म्हणाला, "आबा, मशीन म्हणतंय तुम्ही नाही." आबा म्हणाले, "मशिनीला म्हणावं, म्या हितं हाय." क्लार्क म्हणाला, ते मला दिसतंय, पण मला दिसून उपयोग नाही. पाच महिने पेन्शन बंद. वर्षाराणी रोज संध्याकाळी त्यांचा अंगठा कोमट पाण्यात बुडवून व्हॅसलीन चोळायची, आणि गोरख शेजारी बसून त्या अंगठ्याकडे शेतात कोंब फुटायची वाट बघावी तसा बघायचा. शेवटी कुठल्याशा साहेबाची सही आणली. तो कागद आबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला आणि रसवंतीवर येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवला. "बघा. सरकारी हाय. म्या जित्ता हाय." मुंबईकडचे एक गृहस्थ रस न पिता गाडीत जाऊन बसले होते.

भोर जवळ यायला लागलं तसं तिला आणखी एक गोष्ट आठवली, म्हणजे आठवली असं नाही, ती तिथेच होती, फक्त वर्षाराणी तिच्या बाजूने जात नव्हती. हिवाळ्यात तिने खोली बदलली. हॉस्पिटलच्या जवळ. कोर्टाने गोरखला दर महिन्याचा दुसरा रविवार दिला होता, शिवानीला भेटायला; तो कधी यायचा, कधी यायचा नाही, आला की काकवीची बाटली आणायचा आणि मुलीला घेऊन सारसबागेत जायचा. नवा पत्ता त्याला कळवायचं राहून गेलं. कामाच्या गडबडीत. असं तिने स्वतःला सांगितलं होतं, आणि नर्स म्हणून तिला माहीत होतं की 'राहून गेलं' हा शब्द वहीत कुठे लिहितात. ज्या औषधाचा डोस कुणी मुद्दाम चुकवलेला असतो, तिथे.

कोर्टाच्या बाहेर पत्र्याच्या शेडखाली टेबलांची रांग होती. आनंदराव तिसऱ्या टेबलाशी. पूर्वी टाइपरायटर, आता लॅपटॉप आणि प्रिंटर. टाइपरायटर झाकून बाजूला ठेवलेला, वारलेल्या वडिलांच्या फोटोसारखा. गोरख आधीच येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट. इस्त्री कुणी केली?

"शिवानीला न्हाई आणली?" तो म्हणाला.

"शाळा आहे."

"गुरुवारी बी आसती?"

"गुरुवारीही असते."

बाकाखाली त्याच्या पायाशी एक पिशवी होती, पिशवीतून बाटलीचं बूच दिसत होतं. वर्षाराणीने हाताकडे बघितलं. हातात कागद नव्हता.

"रसवंती बंद दिसली," ती म्हणाली. आवाज शक्य तितका सपाट ठेवून.

"व्हय."

"का?"

गोरखने तिच्याकडे नवलाने बघितलं. "हितं आलोय न्हवं म्या."

"बसा, ताई," आनंदराव मधे पडले. "मजकूर तयार आहे. वाचतो, मग प्रिंट मारतो. कलम एक. लिहून देणार यांची मुलगी कु. शिवानी हिस तिच्या आईने परदेशी नेण्यास लिहून देणार यांची राजीखुशीने व संपूर्ण संमती आहे." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. वर्षाराणी पुढच्या 'परंतु'ची वाट बघत होती. 'परंतु' आला नाही. "कलम दोन. कोर्टाच्या हुकमाप्रमाणे पोटगी मुलगी सज्ञान होईपर्यंत चालू राहील व ती दर महिन्याच्या एक तारखेस भरण्यात येईल."

"हुकमात पाच आहे," वर्षाराणी म्हणाली.

"एकच लिव्हा," गोरख म्हणाला.

माणूस आपणहून चार दिवस सोडून देतो तो पुढे काहीतरी मोठं घेणार असतो. ठरल्यापेक्षा शंभर जास्त. आनंदरावांनी घसा खाकरला आणि गोरखकडे बघितलं. "कलम तीन. हे बघा ताई, मी याला सांगितलं असं कुणी लिहीत नाही. तीस वर्षं टेबल लावतोय. ऐकत नाही. वाचतो. कु. शिवानी ही हयात असल्याबाबतचा दाखला दर महिन्याच्या एक तारखेस लिहून देणार यांस मिळाल्यानंतर सदर रक्कम भरण्यात येईल."

शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता. त्याची नखं ऐकू येत होती.

"दर महिन्याला पोरगी मेली का बघायचंय?" वर्षाराणी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मार्गासनीचा होता. पलीकडच्या टेबलावरचा माणूस टाइप करायचा थांबला.

"तसं न्हाई."

"मग कसं?"

"आबाचं बघ की. दाखला दिला की पेन्शन येतं. कुणी इचारत न्हाई, भांडत न्हाई. दाखला दिला, पैसं आलं. सरकारची रीत हाय. त्याबिगर म्या सही करत न्हाई."

आलं. वर्षाराणीला जवळजवळ हायसं वाटलं. हा तो बारीक मजकूर, नूतन म्हणाली तसा मोठ्या अक्षरात. आठवडाअखेर कागद जायला हवेत हे याला माहीत आहे, म्हणून सही अडवून धरली. आता एखाद्या महिन्यात दाखला चुकणार, तिथली सुट्टी, इथली वेळ, आणि हा म्हणणार, दाखला नाही तर पैसे नाहीत, कलम तीन. सापळ्याचा आकार दिसल्यावर माणसाचं डोकं शांत होतं. तिने पर्स उघडली. व्हिसाच्या अर्जासाठी काढलेले शिवानीचे फोटो होते, पांढरी भिंत, कान उघडे. एक तिने टेबलावर ठेवला. "हा फोटो. दर महिन्याला एक पाठवते. तारीख घालून."

गोरखने फोटो उचलला नाही. वाकून बघितला मात्र पुष्कळ वेळ. "दात आला की पुढचा," तो म्हणाला. मग मागे सरला. "फोटू चालत न्हाई. फोटू जुना बी आसतो."

"खोटा फोटो पाठवीन?"

"बँक बी घेत न्हाई फोटू. समक्ष लागतंय." त्याने खिशातून मोबाईल काढला. "औंदा आबाचा दाखला म्याच काढला ह्याच्यावर. कॅमेऱ्याफुडं बसायचं. डोळं मिटायचं, उघडायचं. मंग ते घेतं. फोटूला डोळं मिटता येत न्हाईत म्हून तसं ठिवलंय त्यांनी."

"आणि रेंज नसली तर?" ती म्हणाली. हा शब्द त्याचाच होता, सहा वर्षं जपून ठेवलेला. तो परत करताना तिला थोडी मजा आली. "फोन लागला नाही म्हणून मुलीची पोटगी थांबणार?"

"न्हाई थांबायची. दुसऱ्या दिशी लावायचा."

"दुसऱ्या दिवशीही नाही लागला तर?"

"म्या शिवापूरला जाऊन लावीन. तितं लई रेंज हाय." तो म्हणाला. "पर पोरगी दिसली पायजे. आईनं हाय म्हणून सांगितलं, तेवढ्यावर न्हाई भागायचं."

"माझ्यावर इतका संशय?"

गोरखने आनंदरावांकडे बघितलं, झाकलेल्या टाइपरायटरकडे बघितलं. बोलायला शब्द लागतात, आणि ते तो नेहमी दुसरीकडून उसने आणायचा, चरकाच्या पट्ट्याकडून, उसाच्या भावाकडून. आज जवळपास तसलं काही नव्हतं. "मार्गशीर्षात आलतो म्या," तो म्हणाला. "दुसरा रविवार हुता. तुझ्या त्या बिल्डिंगीत. काकवी घेऊन. वाचमन म्हणला, ती मंडळी न्हाईत हितं. म्या म्हणलं, पोरगी? म्हणला, पोरगी बी न्हाई."

"राहत नाही, असं म्हणाला असेल."

"आसंल. पर तो 'न्हाई' म्हणला. तुला फोन केला. तू कापला. परत केला, कापला."

तिला तो रविवार आठवला. सलाईन लावत होती, खिशात फोन थरथरला, गोरख. आता पट्ट्याची हकिकत ऐकवणार, असं वाटून तिने तो हातमोज्यातल्या बोटाने कापला होता. दोनदा. तिसऱ्या दिवशी मेसेज केला होता, शिफ्ट झालो आहोत, पत्ता कळवते. मधले दोन दिवस तिला कधी मोजावेसे वाटले नव्हते, कारण ते तिच्याकडे गेलेच नव्हते. ते शिवऱ्याला गेले होते.

"तिसऱ्या दिशी मेसेज आला," गोरख म्हणाला. "तवर आबाला सांगितलं न्हवतं म्या. चरक चालू ठिवला. आबा लई बारीक ऐकतो, बंद पडला की इचारतो."

आनंदरावांनी उगीचच प्रिंटरचा ट्रे काढून परत बसवला.

"आणि एक तारखेला पैसे का भरले?" वर्षाराणीने विचारलं. हे विचारायचंच ठरवून ती इथपर्यंत आली होती. आता ते एखाद्या जुन्या पेशंटचा ताप विचारल्यासारखं वाटलं, पण प्रश्न राहून जायला नको होता.

"सरकार आबाला एक तारखेला देतं, म्हून आबा दाखला देतो," गोरख म्हणाला. "आपुन अठराला द्यायचं, आन दाखला टायमावर मागायचा, कसं जमंल ते?"

ती गेनबाची मुलगी होती. मजकूर तिने मनात पुन्हा पहिल्यापासून वाचला. कलम एक, कलम दोन, कलम तीन. वाट कुठे आहे, कुंपण कुठे पडेल. टेबलाशी तीन माणसं होती आणि संशय तर कुणाचा तरी घ्यायलाच हवा होता. पिशवीतलं बूच दिसत होतं. बाटली इतक्या लांब आणून तो परत नेणार होता, कारण शाळा गुरुवारीही असते.

"आनंदराव," ती म्हणाली, "कलम चार घाला."

"बोला."

"पैसे देणारा हयात असल्याचा दाखलाही त्याच वेळी द्यायचा. मुलीला. समक्ष."

गोरखने भुवया वर केल्या. "माझा कशाला? पैसं आलं म्हंजी म्या हाय."

"पैसे कुणीही भरेल. आबासुद्धा भरतील, पेन्शन आहे त्यांना. मुलीने काय समजायचं?" आणि मग सहा वर्षांनी पहिल्यांदा तिने वाक्याला कर्ता लावला. "तुम्ही आहात की नाहीत, हे तिला तिकडे कोण सांगणार?"

गोरखने यावर प्रामाणिकपणे विचार केला. संशय रास्त होता, हे त्याच्या तोंडावर उमटलं. "आबा भरंल," तो म्हणाला. "व्हय, आबा सांगायचा बी न्हाई, गुपचूप भरंल. बराबर हाय. घाला."

आनंदरावांनी बोटं मोडली. "म्हणजे, एक तारखेस, मोबाईलवर, उभयतांनी समोरासमोर येऊन डोळ्यांची उघडझाप करावी. असं?"

"येकाच येळी नगं," गोरख घाईने म्हणाला. "येकाच येळी मिटलं तर दिसायचं कसं? आधी तिनं. मंग म्या."

"आळीपाळीने," आनंदरावांनी टाइप केलं आणि मोठ्याने वाचलं. तीस वर्षांत त्यांनी हा शब्द फक्त विहिरीच्या पाण्याच्या वाटणीत वापरला होता. नोटरीसाहेबांनी कागद वाचला, कलम तीनवर थांबले, कलम चारवर चष्मा काढला, दोघांकडे बघितलं, आणि शिक्का मारला. फाटकाशी गोरखने पिशवी पुढे केली. कर्त्याशिवाय काही बोलता आलं असतं तर ती बोलली असती. घेतली.

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. शिवऱ्याला ताडपत्री तशीच होती. गोरख मोटारसायकलवरून अजून पोचला नव्हता. तिने संमतीपत्र काढलं आणि पुन्हा वाचलं, मोठं वाचलं, बारीक वाचलं, शिक्क्यातली अक्षरंसुद्धा लावून बघितली. कुठे काही सापडेना. काही न सापडणं हे तिला नेहमी वाईट लक्षण वाटत आलं होतं. मग तिच्या लक्षात आलं की नवा पत्ता, पुण्याचा, तिने आजही दिला नव्हता, आणि त्याने मागितला नव्हता. निघायला अजून दोन महिने होते. त्यांत दोन दुसरे रविवार येत होते. तिने मोबाईल काढला, पत्ता लिहिला, मजला, बेल चालत नाही, कडी वाजवावी, आणि पाठवला. एका मिनिटात पिवळा अंगठा आला. त्या अंगठ्याकडे तिने बराच वेळ बघितलं, रेघा दिसतात का म्हणून.

कात्रजच्या बोगद्यात गाडी शिरली आणि बाहेरचं सगळं गेलं. काळ्या काचेत एका बाईचा चेहरा आला, मांडीवर पिशवी, पिशवीत बाटली. वर्षाराणीने त्या चेहऱ्याकडे संशयाने बघितलं. मग डोळे मिटले, उघडले. समोरचीनेही उघडले असावेत. पण दोघींनी एकाच वेळी मिटले होते, तेव्हा खात्री कशी धरायची, म्हणून बोगदा संपायच्या आत तिने आणखी एकदा करून बघितलं.